कुणग्याचं नाव, चिपचं नाव

बायको गेली आणि काही दिवसांत तिचा संगणक सुरू होईनासा झाला. तिने म्हटलेली फुगडीची गाणी त्यातच होती; दुसरीकडे कुठेही नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरू. मी संगणक उचलून घरी आणला.

कसालच्या भाचीने फोनवरून उपाय सांगितला. लिनक्सची एक आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्यायची, तिच्यावरून संगणक सुरू करायचा आणि गाणी काढून घ्यायची.

गावच्या ग्रंथालयात बसून मी ती शोधली. प्रोसेसरप्रमाणे फायली वेगळ्या होत्या. एकीच्या नावात एका चिप कंपनीची अक्षरं होती आणि पुढे चौसष्ट हा आकडा. आमच्या संगणकावर तिच्या स्पर्धक कंपनीचा स्टिकर, म्हणून ती सोडून शेजारची चौसष्टवाली घेतली. फाईल उतरेपर्यंत त्या आवृत्तीच्या नावाविषयी वाचलं. करणाऱ्याने मैत्रिणीचं आणि आपलं नाव जोडून ते ठेवलं होतं. पुढे त्यांचं लग्न झालं, नंतर ते वेगळेही झाले. नाव मात्र जोडलेलंच राहिलं. फाईल उतरून झाल्यावरही मी त्या पानावर बराच वेळ थांबलो.

घरी संगणक ढिम्म. भाचीला फोन केला.

"मामानू, ती फाईल मोबायलातल्या चिपीची. तुमी सोडलास तीच आपली. स्टिकर बघून सोयरीक जमयलास!"

"मग दुसऱ्या कंपनीचं नाव आपल्या संगणकाला कसं चालेल?"

"चौसष्ट बिटाच्या चिपीची ही वाट पयली त्येंनी काढली. मगे स्पर्धकय तेच वाटेन गेले. म्हणान नाव त्येंचा."

हे मला लगेच पटलं. आमच्या घराखालच्या कुणग्याला, भाताच्या त्या लहान तुकड्याला, पहिल्यांदा बांधाची मेर घालणाऱ्याचं नाव आहे. त्याच्या घरातलं आता कोणी उरलेलं नाही. लावणी आम्ही करतो, पण 'खंय चललास?' असं कोणी विचारलं की त्याचंच नाव सांगतो.

दुसऱ्या दिवशी बरोबर फाईल आणली. पडदा उजळला. तिचा फोल्डर दिसला, तशी आधी सगळी गाणी पेनड्राइव्हवर उतरवली आणि मगच पहिलं लावलं.

गाण्याआधी तिचा आवाज आला, "अवो, झाला काय सुरू?"

"होय, म्हण आता," असं कोणीतरी म्हणालं. तो माझाच आवाज होता. त्या वेळी मी खोलीत होतो, हे मी विसरून गेलो होतो.