मामीच्या सिंकपाशी शिकलेला ब्रिटिश सिनेमा

सिंगापूरला जाऊन ब्रिटिश सिनेमा शिकायचा, हे ऐकल्यावर आमच्या बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे नागपूरला जाऊन हापूस खाण्यासारखं झालं," ते म्हणाले. बाबांचं चुकत नव्हतं. पण गोष्ट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. लंडनचं विमानभाडं आणि तिथली फी हे आमच्या घरात विनोदाचे विषय होते. सिंगापुरात मात्र विनूमामा होता. म्हणजे राहणं-खाणं फुकट.

पुण्यात मी फिल्म आणि व्हिडिओचा एक अर्धवेळ कोर्स करत होते. तिथल्या सरांनी सांगितलं की लंडनच्या सेटवर आयुष्य घालवलेली एक बाई सिंगापुरात कार्यशाळा घेणार आहे. ब्रिटिश चित्रपटउद्योग कसा चालतो हे ती शिकवणार, प्रत्येकाकडून एक छोटी फिल्म करून घेणार आणि शेवटी एकाच विद्यार्थ्याची लंडनच्या एका कंपनीत उमेदवारीसाठी शिफारस करणार. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की बाबांनी घातलेली अट मी पूर्ण ऐकायच्या आधीच मान्य केली. लंडन मिळालं तर जायचं. नाही मिळालं, तर सिनेमाचं खूळ सोडून बँकेच्या परीक्षेला बसायचं.

विमानतळावर पाय ठेवला तो गालिच्यावर. मी आपली चपला काढाव्यात की काय या विचारात होते. मामा बाहेर उभाच होता. विनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बोटीवर मरीन इंजिनीयर. सहा-सात महिने समुद्रावर, मग थोडे दिवस घरी. तेव्हा तो दोन बोटींच्या मधल्या सुट्टीवर होता. घर पासिर रिसला, उंच इमारतीतला सरकारी फ्लॅट. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि नांगर टाकून उभी असलेली जहाजं. सुधामामी त्या खिडकीला पडदा लावून ठेवायची. "ऊन येतं गं," ती म्हणाली. उत्तराभिमुख खिडकीतून कुठलं ऊन येतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. पासिर रिस हे एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा नक्की. गाडीत खाल्लंत तर दंड, प्यायलात तर दंड, च्युइंगगम तर देशातच आणू नका. मामा नसलेल्यांनी लिटल इंडियाच्या बाजूला स्वस्त खोली शोधावी. शाकाहारी मंडळींनी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्लीत, "नो मीट, नो फिश" एवढ्यावर थांबू नये. सुकटीची चटणी तिथे मिठासारखी वापरतात आणि तिला कुणी मासा समजत नाही. मी पहिल्याच दिवशी पालेभाजी म्हणून जे मिटक्या मारत खाल्लं, त्यात काय होतं ते मामाने मला परतीच्या आदल्या दिवशी सांगितलं.

आमची बाई, मार्गारेट, साठीच्या पुढची. कॅनव्हासचे बूट, गळ्यात स्टॉपवॉच. तिचं आयुष्यभराचं काम म्हणजे कंटिन्युइटी. आधीच्या शॉटमध्ये नटाने पेला डाव्या हातात धरला असेल, तर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या शॉटमध्येही तो डाव्याच हातात आणि तितकाच भरलेला हवा, हे बघणारी बाई. मला वाटलं होतं ब्रिटिश सिनेमा म्हणजे राजवाडे, घोडागाड्या आणि लेस लावलेले झगे. मार्गारेट म्हणाली, ते परदेशी पाठवायला. स्टुडिओ बरेचसे अमेरिकन पैशांवर जगतात, घरचे सिनेमे टीव्हीवाल्यांच्या आणि अलीकडे राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांवर. "आणि आमचे खरे चांगले सिनेमे स्वयंपाकघरात झाले. सिंकशेजारी."

बाकी तिची शिकवण म्हणजे शिस्त. प्रत्येकाचं खातं वेगळं. दिव्याला दिवेवालाच हात लावणार, खुर्ची खुर्चीवालाच उचलणार. चहा ठरल्या वेळी म्हणजे ठरल्या वेळी. आणि सेटवर हुकूम दिग्दर्शकाचा नाही, फर्स्ट असिस्टंटचा. काय शूट होणार हे आधी त्याला कळलं पाहिजे आणि त्याच्याकडून सगळ्यांना. माझा फर्स्ट असिस्टंट होता जेरल्ड, कार्यशाळेतलाच एक सिंगापूरचा चिनी मुलगा, घड्याळाच्या पोटातून जन्मल्यासारखा. मला पुण्याची सवय, म्हणजे सगळ्यांनी सगळं करायचं आणि कुणीच वेळेवर यायचं नाही. आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

मधल्या रविवारी मार्गारेटने आम्हाला पुलाउ उबीनला पाठवलं, संवादाशिवाय एक प्रसंग टिपून आणायला. ही सहल अजिबात चुकवू नका. चांगी व्हिलेजच्या धक्क्यावरून बंबोट नावाची लाकडी होडी सुटते, तीही उतारू पुरे झाल्यावरच. नावाडी बिडी ओढत बसला होता. जेरल्डने त्याला वेळ विचारली. "वेट ला! टू मोअर!" नावाडी म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. तिथल्या इंग्रजीला हा 'ला' चिकटलेलाच असतो. जेरल्डचा चेहरा बघायला हवा होता. बेटावर पत्र्याच्या छपरांची जुनी घरं, कोंबड्या, भाड्याच्या सायकली. ब्रेक नीट बघून घ्या, माझीला नव्हते. नारळपाणी प्यालो, उन्हात करपलो आणि आमची त्यातल्या त्यात मैत्री झाली.

आता माझी फिल्म. गोष्ट मी पुण्याहूनच लिहून आणली होती. बोटीवर जाणारा नवरा जेवताना टॅक्सी येते, तो अर्ध्या ताटावरून उठतो आणि जातो. बायको त्या अर्ध्या ताटाकडे बघत बसते आणि रडते. संपलं. मला हे फार म्हणजे फारच ब्रिटिश वाटत होतं. काम मामा-मामीच करणार, सेट म्हणजे त्यांचंच जेवणाचं टेबल. कॅमेरा संध्याकाळपर्यंत परत द्यायचा होता.

सकाळ झकास गेली. मामाने अर्धी पोळी मोडली, आमटीचा भुरका मारला, उठला, बॅग घेऊन दाराबाहेर गेला. कट. त्याला लगेच कंपनीच्या कामासाठी आज ज्याला हार्बरफ्रंट म्हणतात तिकडे जायचं होतं, तो खरोखरच निघून गेला. जेरल्डने टेबलाचे झटपट पोलरॉइड फोटो काढले. मामेबहीण केतकीने मोठ्या अक्षरांत "डोन्ट टच" लिहून ते खुर्चीला चिकटवलं. मग जेरल्ड ओरडला, "लंच!"

ब्रिटिश पद्धतीत लंचला सगळे बाहेर जातात. पण घरात आलेली माणसं खाली हॉकरकडे जाऊन जेवणार, हे सुधामामीला कसं चालावं? तिने झोपायच्या खोलीत पंगतच मांडली. पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी, काकडीची कोशिंबीर. शूटिंग बघायला आलेली मार्गारेट मांडी घालून बसली. आमटी तिने तीनदा मागून घेतली आणि मामी खूश होऊन वाढत राहिली. पातेलं रिकामं झालं. मग सगळे जरा भिंतीला टेकले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा टेबल लख्ख होतं. ताट नाही, वाटी नाही, पेला नाही. मामी सिंकपाशी हात पुसत होती.

"मामी! टेबलावरचं ताट?"

"घासलं की. पंगतीची घासली, त्यातच."

"अगं पण पाटी लावली होती ना!"

"पाटी खुर्चीवर होती. खुर्चीला मी हात लावलाय का?" मामी म्हणाली. "आणि खरकटं टेबलावर ठेवून कोण निजतं घरात?"

केतकीने कपाळावर हात मारला. "आई, कॅनॉट लाइक दॅट ला!"

जेरल्ड पोलरॉइड घेऊन पुढे आला. पुन्हा मांडू या, अगदी तसंच. पण आमटी मार्गारेटच्या पोटात होती. डाळ शिजेपर्यंत खिडकीतला उजेड बदलणार होता. मी मार्गारेटकडे पाहिलं, तर ती स्टॉपवॉचशी खेळत होती. सेट तुझा, असा तिचा भाव. मला रडू यायला लागलं. लंडन त्या सिंकमधून साबणाच्या पाण्याबरोबर वाहून गेल्यासारखं वाटलं. मी मामीवर चिडले.

"तू नुसतं त्या ताटाकडे बघत बसायचं होतंस, मामी. एवढंच काम होतं!"

"हे बघ अनू," मामी शांतपणे म्हणाली, "तू लिहिलंस म्हणून मी बसले असते. पण कोणी बसत नाही असं. हे गेले की मी पहिलं ते ताट उचलते. दार लागायच्या आत. ते ताट बघवत नाही मला. घासायचं, ओटा पुसायचा, टेबल पुसायचं, पडदा ओढायचा. मग जरा श्वास येतो."

पडदा म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी कॅमेरावाल्याला सिंकपाशी ओढलं. मामीला म्हटलं, साधं पोळी-भाजीचं ताट टेबलावर ठेवते, तू फक्त नेहमी करतेस ते कर. कॅमेरा फक्त हातांवर आणि पाठीवर. मामीने ताट उचललं. इतक्या घाईने, की पेला कलंडला. घासलं, विसळलं, टेबल पुसलं, पुसलेलंच परत पुसलं आणि खिडकीपाशी जाऊन पडदा ओढला. बोटी दिसेनाशा झाल्या. मी कट म्हणायला विसरले. मागून जेरल्ड विचारत होता, "व्हॉट आर वी शूटिंग?" मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्या फिल्म दाखवल्या. मामा, मामी, केतकी नटूनथटून आले होते. माझी फिल्म संपली. मग टाळ्या. मी मनातल्या मनात लंडनची थंडी मोजू लागले होते. मार्गारेटने माझे दोन्ही हात हातात घेतले. इथे जे काही झालं त्यात हा प्रसंग सर्वांत चांगला, ती म्हणाली. आणि शिफारस जेरल्डची केली.

मी तिला गाठून कारण विचारलं. तिने अजिबात आडपडदा ठेवला नाही. "तू काय शूट करणार हे तुझ्या फर्स्टला ठाऊक नव्हतं. तिकडे सेटवर साठ माणसं असतात. उमेदवार म्हणून मी असा माणूस पाठवते, ज्याच्यावर ती साठ माणसं विसंबतील. तू त्या उमेदवारीत रमणार नाहीस. तुझं काम दुसरं आहे." दुसरं म्हणजे कुठलं, ते तिने सांगितलं नाही. मला खूप वाईट वाटलं, आणि ती खोटं बोलत नाहीये हे कळल्यामुळे आणखी वाईट वाटलं.

परतताना एमआरटीत मामा खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने मामीला विचारलं, "मी गेल्यावर तू असं करतेस?"

"मग काय करू? ताट तसंच ठेवू?"

दोन दिवसांनी मी पुण्यात होते.

लोक विचारतात, त्या ट्रिपमधून काय राहिलं? उबीनच्या सायकलमुळे गुडघ्यावर एक खूण राहिली. शॉट घेण्याआधी बरोबरच्या माणसाला सांगायची सवय राहिली, ती मला आजही कामाला येते. आणि कुठल्याही परक्या गावात गेलं की देखाव्याआधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकवावंसं वाटतं. तुम्ही सिंगापूरला जाल तेव्हा जरूर उंच इमारती बघा. पण कुणी जेवायला बोलावलं तर आधी तिकडे जा.

तेव्हा मात्र मी नुसती फुरंगटून बसले होते. बाबांनी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त बँकेच्या परीक्षेचं जाडजूड गाइड आणून टेबलावर ठेवलं. मी त्याची पानं उलटत असताना मामीचा फोन आला. परदेशातून फोन म्हणजे तेव्हा कुणीतरी गेलं किंवा जन्मलं, एवढंच असायचं. मी घाबरलेच.

"काही नाही गं," मामी म्हणाली. "हे काल बोटीवर गेले. टॅक्सी खाली हॉर्न वाजवतेय आणि हे सिंकपाशी उभे! स्वतःचं ताट घासलं, माझं घासलं, ओटा पुसला, मग बॅग उचलली. मी म्हटलं अहो, ठेवा ते, उशीर होईल. ऐकतील तर ना."

"मग तू?"

"मग काय? उचलायला काही राहिलंच नव्हतं. बसले खुर्चीत आणि रडले. चांगली पोटभर रडले गं अनू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं. ठेवते आता, बिल चढतंय."

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं की मी बँकेच्या परीक्षेला बसणार नाही.

"लंडन तर मिळालं नाही ना?"

"नाही मिळालं."

"मग?"

मी त्यांना मामीचा फोन सांगितला, शब्दन् शब्द. बाबांनी चष्मा काढला.

"विनूने ताट घासलं?"

"हो."

"तुझा सिनेमा बघून?"

"हो."

बाबा गाइडकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून त्यांनी आईला हाक मारली, "अगं, त्या पुस्तकाची पावती कुठे ठेवलीयेस? दुकानदार परत घेतो का बघून येतो."