ताक आईचं, नाव माझं

गुंजवण्यातून राजगडावर चढणाऱ्या वाटेला आई शनिवार-रविवारी ताक विकते. गडावर येणाऱ्या लोकांनी खिशात नोटा ठेवणं बंद केलं, तसं तिचं ताक माठात उरायला लागलं. मग मी माझ्या खात्याचा क्यूआर कोड छापून आणला आणि तिच्या टेबलाला चिकटवला. आईकडं बटणांचा मोबाईल होता, त्यामुळं मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मी तेव्हा किकवीत खोली करून राहायचो, हायवेच्या एका कंपनीत कामाला. रविवारी मशीनवर उभा असलो की खिशात मोबाईल थरथरायचा. वीस रुपये. वीस रुपये. चाळीस. गडावर गर्दी किती, ते मला तिथं उभ्या उभ्या कळायचं. गुरुवारी सुट्टीला घरी गेलो की आईच्या हातात काही पैसे द्यायचो. किती, ते मी ठरवायचो. उरलेले माझ्याकडून खर्च व्हायचे. आईनं कधी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

एकदा ताकाचे पैसे भरताना एका मुलीनं आईला विचारलं, की हे कुणा पुरुषाचं नाव येतंय, बरोबर आहे ना. आई बरोबर आहे म्हणाली. शेजारी काकड्या विकणाऱ्या काकूंनी हे मला नंतर सांगितलं.

त्यानंतर आई एसटीनं वेल्ह्याच्या बँकेत गेली. आधार कार्डावर आणि रेशन कार्डावर तिचं नाव दोन तऱ्हेनं लिहिलेलं, त्यामुळं तीन खेपा झाल्या. एक बोकड विकून तिनं टचस्क्रीनचा मोबाईल घेतला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी माझा मोबाईल दिवसभर गप्प राहिला. आई आजारी पडली असेल म्हणून काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, लई गर्दी आहे, ताक संपत आलंय.

गुरुवारी घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मला सांगायचं तरी, असं मी म्हणालो.

"ताक म्या घुसळायचं आन नाव तुझं यायचं, हे काय बरं न्हाई," ती म्हणाली.

मला लाज वाटली. मागचे राहिलेले पैसे हिशोब करून देतो, असं मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे. जेवलास का?"

काकूंच्या टेबलावरचा कोड त्यांच्या मुलाचा होता. पुढच्या सोमवारी आई त्यांना घेऊन वेल्ह्याला गेली. काकूंचं काम एकाच खेपेत झालं. त्यांचा मुलगा आता आईशी बोलत नाही.