मोजणीत न आलेली माणसं

लिफ्ट बंद पडली की आतला माणूस घंटीचं बटण दाबतो आणि ती घंटी कुठेतरी वाजते. जिथे वाजते तिथे लिफ्टताई बसते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची मागची खोली, खिडकी नाही, टेबल एक, खुर्च्या दोन, त्यातल्या एकीचं चाक केव्हाच निखळलेलं. कानावरच्या हेडफोनचा स्पंज झिजून आतलं प्लॅस्टिक टोचतं. नवा मागितला की साहेब "बघू" म्हणतात, आणि बघत कोणीच नाही. तिचं काम एकच, मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं.

हे काम ज्यांना सोपं वाटतं त्यांच्यावर लिफ्टताई मनापासून चिडते. "दोन मिनिटांत येतोय मेकॅनिक" असं चुकूनही म्हणायचं नसतं, कारण तेवढा वेळ उलटला की माणूस दाराशी झटापट सुरू करतो. "घाबरू नका" तर मुळीच म्हणायचं नसतं, तोवर न घाबरलेला माणूसही ते ऐकून घाबरतो. त्याला खाली बसायला लावायचं. हातात पिशवी असली तर पिशवीत काय आहे ते विचारायचं. घरी कोण वाट बघतंय ते विचारायचं, आणि उत्तर ऐकताना खरंच ऐकायचं. महिनाअखेरीला कंपनी मोजते काय? किती लिफ्ट बंद पडल्या आणि मेकॅनिक किती वेळात पोचला. रडणारी बाई कशी शांत झाली, याला कंपनीच्या लेखी काडीची किंमत नाही.

हा राग कुठेतरी निघायला हवा होता. तो एका खेळात निघाला.

कंपनीने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर तिने पूर्वी घरी आणला होता. नवी विंडोज त्या म्हाताऱ्याला झेपत नव्हती, म्हणून तिने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. फुकट मिळतं, कुणाची मिनतवारी करावी लागत नाही, आणि टाकून दिलेलं मशीन पुन्हा मुकाट्याने कामाला लागतं. तेव्हापासून ती लिनक्सवाली झाली ती कायमची. लिनक्सवाल्यांचं दुखणं एकच, खेळ बनवणारे त्यांना हिंग लावूनही विचारत नाहीत. विंडोजसाठी बनलेला खेळ एका दुभाष्या प्रोग्रामच्या मदतीने कसाबसा चालवायचा. आवाज आला तर चित्र नाही, चित्र आलं तर माऊस गायब. या मंडळींचा इंटरनेटवर एक फोरम होता आणि तिथे रोज हेच रडगाणं चालायचं. लिफ्टताईही त्यात अधूनमधून आपला सूर मिसळायची.

मग तिने स्वतःच खेळ बनवायला घेतला, आणि तो आधी लिनक्सवर येणार हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. खेळणाऱ्याने तिच्या खुर्चीत बसायचं. घंटी वाजते, लिफ्टमधला माणूस बोलतो, आणि पुढचं वाक्य तुम्ही निवडायचं. चुकीचं निवडलं की तो दार उचकटायला लागतो. बास, एवढाच खेळ. ना बंदूक, ना गाडी.

चित्रं तिच्या धाकट्या भावाची. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हल्ली पाट्या छापून येतात, त्यामुळे त्याच्या हाताला काम कमी आणि वेळ भरपूर. तो संध्याकाळी यायचा, ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचा आणि एकेक इमारत काढायचा. प्रत्येक घंटीची इमारत वेगळी. कुठे जिन्याचा कठडा हातांनी गुळगुळीत झालेला, कुठे टपालपेटीतून जुन्या जाहिराती बाहेर लोंबणाऱ्या. बोलायचा कमी. ताईने "छान" म्हटलं की "हं" म्हणायचा आणि पुढची इमारत घ्यायचा. निम्म्या इमारती झाल्या असतील नसतील, तोच त्याला कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. नळांच्या कंपनीत, नळांची चित्रं काढायला. घर दुसऱ्या शहरात करावं लागणार होतं. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. नुसता ताईकडे बघत राहिला.

इथे भाऊजींनी उडी घेतली. भाऊजी म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. त्याच नळांच्या कंपनीत विक्रीचं बघतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट नळासारखी विकता येते असं त्यांचं ठाम मत आहे.

"आधी मागणी मोज," ते म्हणाले. "लिनक्सवर खेळणारे आहेत किती? बोटांवर मोजण्याइतके."

"मग मोजा की, भाऊजी. बोटं आहेत ना?"

"चिडू नकोस गं. लोक आले तर धाकट्याने थांबावं, खेळ पुरा करावा. नाही आले तर त्याने नोकरी धरावी, आणि तू खेळ फोनवर आण. फुकट. मधेमधे जाहिराती."

"मधेमधे म्हणजे कुठे?"

"माणूस लिफ्टमध्ये अडकलाय, तुझ्या उत्तराची वाट बघतोय. तिथे खेळणारा हलत नाही. जाहिरातीला याहून चांगली जागा नाही."

लिफ्टताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोजणीला ती तयार झाली, कारण आपली माणसं येणार याची तिला खात्री होती. भाऊजींनी इंटरनेटवर एक पान बनवून घेतलं. तीन घंट्यांचा नमुना-खेळ, विंडोजसाठी आणि लिनक्ससाठी. दोन कप कॉफीइतकी किंमत स्पष्ट लिहिलेली. खाली "मला हवाय" असं बटण, आणि कोण कुठल्या सिस्टीमवरून आलं ते टिपणारी मोजणी. लिफ्टताईने फोरमवर लिहिलं, "अडकलेल्या माणसांशी बोलायचा छोटा खेळ करतेय. आधी आपल्यासाठी, मग बाकीच्यांसाठी. या पानावर बघा. घ्याल का ते खरं सांगा." स्वतःच्या खेळाबद्दल लिहिलं की त्याखाली उत्तरं देता येत नाहीत असा फोरमचा नियम, जाहिरातबाजी नको म्हणून. त्यामुळे जे काय कळायचं ते बटणावरूनच कळणार होतं.

रविवारी मोठ्या बहिणीकडे सगळे जमले. जेवणं झाली आणि भाऊजींनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल वर्तुळ होतं. ते जवळजवळ सगळं विंडोजचं. लिनक्सचा वाटा कापलेल्या नखाएवढा.

"मी काय म्हणत होतो?" भाऊजी म्हणाले. आवाजात खुशी नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

धाकटा त्या वर्तुळाकडे बघत होता. मग ताईकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी नोकरीला हो कळवू?"

"कळव," ताई म्हणाली. संताप त्याच्यावर नव्हता, पण समोर तोच होता.

घरी आल्यावर तिने फोरमच्या तक्रारींच्या भागात, जिथे कुणालाही बोलता येतं, मनातलं सगळं ओकून टाकलं. "रोज रडता, आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून. मी विचारलं. दाराशी येऊन विचारलं. एकानेही कडीला हात लावला नाही. तुमच्यापायी माझा भाऊ नळ रंगवायला चाललाय. यापुढे या फोरमवर कुणी तक्रारीचा सूर काढला, तर त्याला आधी हे पान दाखवा." इतकं लिहून तिने कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी आदळत घासली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर उत्तरांची रांग लागलेली. आणि एकजात सगळे तिच्याइतकेच चिडलेले.

"कसलं बटण?" एकाने लिहिलं होतं. "पानावर बटणच नाही. मी खालपर्यंत जाऊन शोधलं." दुसरा म्हणाला, "माझा ब्राउझर सगळीकडे स्वतःला विंडोज म्हणवतो. नाहीतर बँक मला आत घेत नाही. मला तुम्ही तिकडे मोजलं असणार." तिसऱ्याने लिनक्सचा खेळ कुठे दिसतो ते शोधण्याच्या फंदात न पडता सवयीने विंडोजचाच उतरवला होता आणि दुभाष्यावर चालवून तिन्ही घंट्या पुऱ्या केल्या होत्या. चौथ्याने लिहिलं, "त्या बर्फ घेऊन अडकलेल्या आजोबांना मी मुद्दाम उशिरा सोडवलं. बोलतात फार गोड."

लिफ्टताईने स्वतःच्या मशीनवर ते पान उघडलं. किंमत होती, खेळ होता. बटण नव्हतं. खाली नुसती मोकळी जागा.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊजींचं बटण आणि मोजणी एका तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेवर चालत होती, कोण कुठून आला, कुठे गेला याची पाळत ठेवणाऱ्या. आणि असली पाळत अडवणारी चाळणी लिनक्सवाला आपल्या ब्राउझरवर सगळ्यात आधी बसवतो. तिनेही बसवली होती, आणि मोजणीबरोबर बटणही त्या चाळणीत अडकलं होतं. तिने खेळ असंख्य वेळा तपासला होता, पान मात्र आपल्याच मशीनवर एकदा वरवर बघितलं. बटण दिसलं नाही, तर भाऊजी नंतर लावणार असतील असं धरून चालली. लिनक्सवाल्यांना मोजायला असं यंत्र नेमलं होतं, जे लिनक्सवाल्यांच्या घरात पाऊलच टाकू शकत नाही. आणि पाऊल न टाकता त्याने सांगितलं, की घरात कोणी नाही.

ती तडक भाऊजींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मान्य," ते म्हणाले. "पण धंद्यात जो मोजला जात नाही तो नसतोच, बाई. दाखवणार काय आपण लोकांना?"

"भाऊजी, दहाव्या मजल्यावर माणूस अडकलाय, त्याने घंटी दाबली, आणि माझ्याकडची वायर तुटलेली आहे. मग काय म्हणायचं, लिफ्ट रिकामी आहे?"

भाऊजींनी पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाले, "धाकट्याला सांग जाऊन. तो आज सामान बांधतोय."

धाकट्याच्या खोलीत रंगांचे डबे खोक्यात भरून झाले होते. तो ब्रश पुसत बसला होता. ताई उभ्या उभ्याच बोलायला लागली. भाऊजींचं वर्तुळ, ती पाळतीची कंपनी, मूग गिळून बसायला लावणारा फोरमचा तो मूर्ख नियम, सगळ्यांवर तिने तोंडसुख घेतलं. मग फोनवरून उत्तरं वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं, टपालपेटीतल्या जाहिरातींचं चित्र कुणी काढलं, माझ्या जुन्या घराचा जिना अगदी असाच होता. धाकट्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आकडा खोटा होता. सांग त्यांना, येत नाही म्हणून."

"सही झाली ताई. सकाळीच."

"अरे, पण एक दिवस थांबायचं होतंस. खरा आकडा आता कळतोय."

"आकडा तुला हवा होता." त्याने ब्रश खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो चिडला होता, आणि तो चिडलेला ताईने फारसा कधी बघितला नव्हता. "मला कुठे हवा होता? तू सगळ्या जगाला विचारलंस, घ्याल का म्हणून. मला एकदा तरी विचारलंस, तुला करायचाय का?"

"तुला करायचाय हे मला माहीतच होतं."

"मग 'कळव' कशाला म्हणालीस?"

अडकलेल्या अनोळखी माणसांना रोज घरचं-दारचं विचारणाऱ्या बाईने घरच्या माणसाला काही विचारलंच नव्हतं. इतका वेळ जगावर धरलेला राग तिचा तिच्यावरच उलटला. तिने खोक्याला दोरी बांधायला त्याला मदत केली आणि घरी आली.

खेळ निघाला. लिनक्सवर आधी निघाला, दोन कप कॉफीच्या किमतीत, एकही जाहिरात नसलेला. पानावर मोजणी ठेवलेली नाही. ज्याला काही सांगायचं असेल त्याने सरळ तिला लिहावं. लोक लिहितात. बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात, निम्म्या इमारती इतक्या जीव लावून काढल्या आहेत, मग पुढे नुसता अंधार आणि आवाज का. ती प्रत्येकाला उत्तर देते, आणि खरं तेच लिहिते, की चित्रकाराला विचारायचं राहून गेलं.