अंगावरचं जर्किन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगायचं म्हणजे तिच्याच भावाबद्दल सांगायचं, आणि मग त्या घरी मी कुठल्या तोंडानं पंगतीला बसणार? मित्रांना सांगावं, तर ते वर्षभर हसतील. तुम्ही हसलात तरी चालेल. तुम्ही काही मला सोमवारी गल्लीत भेटणार नाही.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून होते. पावसाळा तोंडावर आला की क्लासमधली पोरं, त्यांचे वडील, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, सगळे मला हटकून विचारतात — सर, ती महागाची वॉटरप्रूफ जर्किनं घेण्यात काही अर्थ असतो का? दुकानात त्याला जॅकेट म्हणतात, आम्ही कोल्हापुरात जर्किन म्हणतो. मी राजारामपुरीत गणिताचे क्लास घेतो, पण माझं नाव आहे ते डोंगर चढणारा माणूस म्हणून. रविवारी पहाटे आमचा घोळका पन्हाळ्याला जातो, भर पावसात जातो, आणि परत येऊन त्याच्या गप्पा आठवडाभर पुरवतो. तेव्हा मलाच विचारणार. आणि मी सांगतो, घ्या की! एकदाच घ्या, पण चांगलं घ्या. दरवर्षी सांगतो, अगदी ठासून. का सांगतो, ते सांगायला बसलोय.

माझं जर्किन मी पुण्याहून आणलं होतं. किंमत बायकोला अर्धीच सांगितली — पण तो माझा गुन्हा नव्हे, तेवढं सगळेच नवरे करतात. पहिला पावसाळा काय सांगू तुम्हाला! अंगावर सरी कोसळायच्या आणि थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली. मी मुद्दाम टपरीच्या पत्र्याची धार पडते तिथं उभा राहून चहा प्यायचो, लोकांनी बघावं म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात खांदे ओलसर लागायला लागले. तिसऱ्यात तर शिवणीतून पाणी सरळ आत. मधल्या काळात घरी ते साध्या पावडरीत भिजवून, ब्रश मारून धुतलं गेलं होतं — मीच धुतलं होतं — आणि मग वाळेना म्हणून गॅसच्या शेगडीवर धरलं होतं. आतलं अस्तर उन्हात सोललेल्या कातडीसारखं पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटायला लागलं.

तेव्हाच म्हणायचं होतं ना, की गेलं बाबा, बिघडलं? पण तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. इथं पैसे गेल्याचं कुणी मनावर घेत नाही. कुणी आपल्याला येड्यात काढलं, हे मात्र माणूस सात पिढ्या विसरत नाही. पन्हाळ्याच्या बुरुजावर एकानं माझ्या ओल्या शर्टाकडं बोट दाखवून विचारलं, "काय सर, कितीला गंडला?" सगळे थांबले, माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "पाणी न्हाय, घाम हाय त्यो. चढून आलोय न्हवं?" आणि चार वाक्यं विज्ञानाची फेकली. गणिताच्या मास्तराचं कोण खोडणार? त्या पावसाळ्यात मी दर रविवारी असा घामाघूम झालो. घरी येऊन शिंकायचो, आणि बायकोला सांगायचो की धूळ गेली नाकात. पावसाळ्यात, धूळ!

म्हणजे बघा, ते जर्किन मला टाकताही येईना आणि घालताही येईना. नवीन घ्यावं तर जुनं काय झालं ते सांगावं लागणार. न घालावं तर लोक विचारणार. माझीच फुशारकी माझ्या गळ्यात.

आणि मग युवराजची वास्तुशांत आली.

युवराज माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. मलकापूरच्या पुढं, घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. तिथला पाऊस म्हणजे आमचा पन्हाळा त्याच्यापुढं तुषार सिंचन. हा पोरगा — पोरगा कसला, आता दोन लेकरांचा बाप — वाड्यावस्त्यांवरनं दूध गोळा करतो आणि मोटरसायकलवर कॅन लावून डेअरीला पोचवतो. सकाळ-संध्याकाळ. पाऊस असो, वादळ असो, दुधाला सुट्टी नसते. अंगावर त्याच्या वडिलांचं घोंगडं असायचं, खोळ करून डोक्यावरनं घेतलेलं, वर प्लॅस्टिकचा कागद. मी त्याला चिडवायचो. कुठल्या जमान्यात राहतोस युवराज, म्हणायचो. तो हसायचा. मोठ्या बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, आणि दाजीनं काही म्हटलं तर हसायचं, एवढंच त्याला ठाऊक.

वास्तुशांतीला आहेर काय करायचा यावर घरात चर्चा चालली होती. बायको म्हणाली मिक्सर देऊ. मी हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हाच आलं होतं, आणि हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो — ते प्रेमानं आलं नव्हतं.

त्या दिवशी तिकडं पाऊस होताच. मांडवात सगळे पाहुणे बसलेले. आहेर सुरू झाले, मिक्सर देऊन झाला, आणि मग मी उठलो. अंगातलं जर्किन काढलं. सगळ्यांच्या देखत, सावकाश. युवराजच्या खांद्यावर घातलं आणि म्हणालो, रोज पावसात तू असतोस, याची खरी गरज तुला.  मग कुणीतरी म्हातारा मागून म्हणाला, "आंगावरचं काढून दिलं बघा पावण्यानं." झालं! पंगतीत तेच, हात धुताना तेच. बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं तिनं लग्नातही बघितलं नव्हतं. युवराज वाकून पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला.

आणि त्याच्या आदल्या दिवशी — आता लिहितोच — आदल्या दिवशी दुपारी क्लासची खोली आतून लावून घेऊन मी त्या जर्किनाचे सुटलेले पापुद्रे नखानं एक एक खरवडून काढले होते. आतून स्वच्छ दिसावं म्हणून. बाकावर पांढरा भुगा पडला होता, तो मी फुंकून टाकला. तेव्हा अजाणता झालं असं म्हणायची सोय मला नाही.

इथं संपलं असतं तर बरं. पण जावयाला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत. टॉवेल-टोपी झाली, आणि सासूबाई आतून घोंगडं घेऊन आल्या. माझ्या सासऱ्यांचं, काळं, जाड, किती पावसाळे काढलेलं. "पावणं, ह्ये तुमी घेऊन जावा. मालकांची आठवण हाय. युवराजला आता काय करायचंय? त्येला तुमचं जर्किन झालं." मी नको म्हणालो? एकदाच म्हणालो, रीतीपुरतं. मग गाडीत ठेवलं. आज ते आमच्या हॉलमधल्या दिवाणात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं.

मला वाटलं होतं, आठवड्याभरात तो फोन करील. दाजी, हे गळतंय की. मग मी म्हणणार होतो, अरेच्चा, असं कसं? उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. पण फोन आला नाही. कसा येणार? दाजीचा आहेर, तोही अंगावरचा, चार गावच्या पाहुण्यांसमोर दिलेला — त्याला नावं ठेवणारा पोरगा त्या घरात जन्मला नाही. मी हे धरून चाललो नव्हतो असं म्हणू? मला वाटतं मी याच भरवशावर दिलं होतं.

पुढच्याच पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. तिकडं उतार पडेना म्हणून इकडं आणला, आमच्या घरापासून जवळच्या दवाखान्यात. दोन्ही वेळचा डबा मीच नेत होतो. लोकांना त्याचंही कौतुक. एका दुपारी डॉक्टर सांगून गेले, फार भिजलाय हा माणूस, आणि बरेच दिवस भिजत आलाय. सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आनी भिजला कसा म्हंते मी? दाजींचं जर्किन हाय की आंगावर!"

युवराजनं माझ्याकडं बघितलं नाही. छताकडं बघत म्हणाला, "घालतच नव्हतो आई. घरातच ऱ्हायचं ते."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं की तो माझ्यासाठी खोटं बोलतोय. तापानं ओठ सुकलेले, श्वास पुरत नाही, आणि हा माणूस माझी अब्रू झाकतोय. आता तरी बोलायचं ना? खोलीत आम्ही तिघंच होतो. दोन वाक्यांचं काम होतं.

मी बोललो. मी त्याला रागावलो. म्हणालो, "माणसाला वस्तूची किंमत कळावी लागते, युवराज. एवढी महागाची वस्तू अंगावरनं काढून दिली, ती घालायची तरी अक्कल पाहिजे."

सासूबाईंनी मान हलवली. तो म्हणाला, "चुकलं दाजी."

जर्किन दिलं ते एक वेळ सोडा. पण हे वाक्य. मी इतकी वर्षं ज्याच्याभोवती फिरतोय, आणि आजही पहिल्या कागदापासून ज्याच्याभोवती फिरतोय, ते हे वाक्य. ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं, सुटल्यासारखं.

तो बरा झाला, म्हणजे उठून कामाला लागला. जिना चढताना अजून त्याच्या छातीतून आवाज येतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तो दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबतो, ते मला वर दारात उभं राहून ऐकू येतं. आणि येताना — पाऊस असेल तर हमखास — त्याच्या अंगावर तेच जर्किन असतं. रंग उडालाय, चेन एकदा बदललीय. बायको प्रत्येक वेळी पाहुण्यांना दाखवते: आमच्या ह्यांनी दिलेलं, बघा किती जपलंय.

या वर्षी आषाढात आला होता, रविवारी दुपारी, नाचणीचं पीठ घेऊन. आमचा ओंकार कॉलेजच्या पोरांबरोबर पन्हाळ्याहून विशाळगडाकडं चालत जाणार आहे. त्याला जर्किन हवंय, माझं होतं त्याच कंपनीचं. मोबाईलवर चित्र काढून तो मामासमोर बसला आणि विचारलं, "मामा, तू रोज वापरतोस. खरं सांग, एवढे पैसे घालायच्या लायकीचं असतंय काय?"

युवराजनं आधी माझ्याकडं बघितलं. अगदी ओझरतं. त्या बघण्यात राग असता तर मी कदाचित सुटलो असतो. पण नव्हता. मला सांभाळून घेणं होतं, लहान पोराला घ्यावं तसं. मग तो म्हणाला, "घे की! दाजींनी दिलेलं अजून एक थेंब आत घेत न्हाय."

दाराशी खुंटीला ते लटकत होतं. तो जेवला, बहिणीच्या हातचा चहा घेतला, संध्याकाळच्या दुधाची वेळ गाठायची म्हणून उठला. जर्किन चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर धो धो चाललं होतं. मी दिवाणावर बसलो होतो. खाली घोंगडं होतं. मी उठायचं, झाकण उचलायचं, त्याच्या हातात द्यायचं, एवढंच होतं. मी म्हणालो, "सावकाश जा."

मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. का राहिलो कोण जाणे. तो गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला आणि मेडिकलच्या दुकानाआड थांबला. आमच्या दारातनं तो कोपरा दिसत नाही, पण गॅलरीतनं दिसतो, हे त्याला माहीत नसावं. गाडी लावून त्यानं जर्किन काढलं. हँडलला अडकवलेल्या पिशवीतून खताचं पोतं काढलं, प्लॅस्टिकचं, एका बाजूनं उसवून केलेली खोळ. ती डोक्यावरनं घेतली, छातीशी नीट ओढली, कडा पॅन्टीत खोचल्या. सवयीचा हात होता. आणि मग त्याच्यावर, त्या प्लॅस्टिकवर, माझं जर्किन घातलं. वरनं कुणाला काही दिसू नये असं, टोपीसकट चापूनचोपून. चेन लावली आणि गेला.

किती वर्षं? आमच्या जिन्याशी येण्याआधी दर वेळी तो कोपऱ्यावर थांबून आतलं पोतं काढत असणार, आणि मग उरलेला रस्ता भिजत माझ्या दारात येत असणार — मला दिसू नये म्हणून.

ओंकार आतून हाका मारत होता. पप्पा, आज किंमत उतरलीय, मागवू काय?

मी म्हणालो, मागव.