करंगळीच्या कडेचा व्रण

नेवेनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्लोव्होत गुलाबाची तोडणी ऐन भरात आलेली. हात सवयीने फुलं खुडत होते, डोकं मात्र घरी होतं. सुनेच्या सोनोग्राफीत बाळाच्या उजव्या हाताला सहा बोटं दिसली होती. ऐकताक्षणी नेवेना बोलून गेली होती, "तापात ती गोळी गिळलीस ना, तिचंच हे!"

सून येलित्सा उठून वरच्या खोलीत निघून गेली. तेव्हापासून ती जेवायलाही खाली येईना.

"घराण्यात कुणाला होतं का असं?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मुलगा ल्युबेन ठामपणे नाही म्हणाला. नेवेनाही. पण आता फुलं खुडताना तिची नजर सारखी स्वतःच्या करंगळीच्या कडेला जाई. तिथे मसुराएवढा टणक उंचवटा होता. लहानपणी विळा लागला, असं आई सांगायची. पण विळ्याचा व्रण लांबट असतो. हा तर गोल!

शेवटी तिने टोपली बांधावर टाकली आणि बस धरून डोंगरातल्या गावी स्तोयना मावशीकडे गेली.

"विळा?" शेंगा सोलता सोलता मावशी खो खो हसली. "अगं, सहावं बोट होतं तुला! एवढंसं, लोंबणारं. तुझ्या आजीने घोड्याचा केस करकचून बांधला, गळून पडलं. तिलाही होतंच की."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लग्न जमलं असतं का तुझं, शहाणे?"

परतीची बस रखडत चालली आणि नेवेना सीटवर नुसती चुळबुळत राहिली. घरी येताच डोक्याचा रुमालही न सोडता ती जिना चढली आणि सुनेपुढे हात धरला.

"गोळीबिळी काही नाही. हे माझ्याकडून आलंय. माझीच जीभ जळो."

येलित्साने उंचवटा चाचपला. आधी रडली, मग उसळली. "आई, इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय!"

"मला घाल आता."

"घालणारच आहे!"

पुढच्या तपासणीला नेवेनाही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात हात घडताना बोटं कुठे फुटायची नि कुठे थांबायचं, हे जनुकं ठरवतात. तुमच्याकडे 'थांब' हा हुकूम जरा उशिरा पोचतो. ल्युबेनच्या वेळी वेळेवर पोचला असणार. बाकी बाळ छान आहे."

तरी नेवेनाची धाकधूक काही संपली नाही. दर तपासणीला ती "बाकी सगळं ठीक आहे ना?" हाच प्रश्न विचारी आणि येलित्सा खिडकीबाहेर बघत राही. दोघींत पहिल्यासारखं काही बोलणं होत नव्हतं.

ऑक्टोबरात मुलगी झाली. सहाव्या बोटाला नखसुद्धा होतं. वर्षाची झाली की शस्त्रक्रिया करू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी येलित्साने बाळ सासूकडे दिलं. "धरा जरा. हात भरून आलेत माझे."

नेवेना नातीला छातीशी धरून खोलीभर येरझाऱ्या घालत राहिली. मुलगी केव्हाच झोपली होती.