राणीसरकारांचं प्रात्यक्षिक

आमच्या तंत्रशाळेत तिला सगळे राणीसरकार म्हणायचे. तिच्या पणजोबांचे चुलते कधीकाळी गादीवर होते, एवढंच काय ते नातं. वडील पंक्चर काढायचे आणि ही कपाळाला वंगण फासून घड्याळं उघडायची. कोणी चिडवलं की म्हणायची, "सरकार म्हणा, पण पान्हा द्या."

शेवटच्या प्रात्यक्षिकाला आम्हा दोघींच्या वाट्याला आलं ते नेमकं राजवाड्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ! नऊ वर्षं बंद. दुपारी बाराला त्यानं ठोके दिले तर पास, नाहीतर वर्ष फुकट. आनंदानं आमचे पाय जमिनीवर ठरेनात.

सकाळी आठला फाटकावर कारभाऱ्यांनी यादीत तिचं आडनाव वाचलं आणि घोळ झाला. घरच्या माणसाला नोकरांच्या जिन्यानं कसं पाठवायचं? हत्यारांची पेटी माझ्या हातात देऊन त्यांनी तिला मानानं दिवाणखान्यात बसवलं. थोरल्या आत्यासाहेब भेटेपर्यंत पाहुण्यानं उठायचं नाही, अशी त्या घरची रीत.

वर मी एकटी. परीक्षक सर कोपऱ्यात स्टुलावर. चाकं पुसली, लंबक हलला, काटे फिरू लागले, पण हातोडी काही केल्या घंटेवर पडेना. साडेअकरा वाजले. मला रडू येत होतं आणि तिचा भयंकर रागही. बसली असेल चहा पीत!

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. चपला हातात घेऊन राणीसरकार धापा टाकत आली. रीत मोडून ती उठली होती, आणि दारातच आत्यासाहेब समोर. "नातं सांगायला पुन्हा येईन, आत्ता माझी परीक्षा आहे," असं तिनं तोंडावर सांगितलं म्हणे. आत्यासाहेब बाजूला झाल्या.

तिनं यंत्रात डोकं खुपसलं. हातोडी उचलणारी पट्टी पुसून परत लावताना मीच उलटी बसवली होती! तिनं ती फिरवून बसवली, मला एक शब्द बोलली नाही.

बारा वाजले. पहिला ठोका पडला तसा मनोरा हादरला. आम्ही गळ्यात गळा घालून ओरडत होतो, आणि खाली अख्खा राजवाडा अंगणात जमला होता.

सरांनी हजेरीचा कागद काढला. उशिरा आलेल्याला गुण नाहीत, हा शाळेचा नियम.

"ही कधी आली?" त्यांनी मला विचारलं.

"आठला, सर. फाटकावर."

त्यांनी तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं, 'आठ' लिहिलं आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं.