निळीच्या रांजणात फिनेल

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण चहा तुमचा पितोय, तेव्हा लाज गिळून सांगणं आलं.

सोलापुरात आमचं घर निळीच्या रंगाऱ्यांचं. अंगणात जमिनीत पुरलेला रांजण, त्यात नीळ आणि चुन्याचं पाणी. आप्पा, म्हणजे वडील, त्याला रोज गुळाचा खडा घालायचे. थंडीत वर गोधडी टाकायचे. एवढे लाड माझे कधी झाले नाहीत.

मी पुण्याच्या कॉलेजात सायन्सला. सुट्टीत आलो तो डोक्यात जंतू घेऊनच. ते साखर खातात, ती फोडून ताकद मिळवतात आणि उबेत भराभर वाढतात, असं प्रोफेसरांनी शिकवलेलं. मग आमच्या रांजणात दुसरं काय चाललं होतं? गूळ, ऊब आणि घाण वास. आप्पा चक्क रोगराई पोसत होते!

धाकट्या बहिणीची, शेवंताची, लग्नानंतरची पहिली संक्रांत तोंडावर आलेली. तिच्या सासरी अक्कलकोटला काळं लुगडं पोचवायचं होतं. रंगाऱ्याची लेक, तिचं लुगडं घरच्याच रांजणातलं हवं. नाहीतर तिनं सासरी तोंड कसं दाखवायचं? नेमकं तेव्हाच आप्पांना करमाळ्याला जावं लागलं.

"रांजणाला गूळ घालाय इसरू नगंस. उपाशी ऱ्हायला तर मरंल. लुगडं मी आल्यावर बुडवतो."

"व्हय," म्हणालो, आणि त्यांची पाठ वळताच बाटलीभर फिनेल ओतलं.

काय सांगू, एरवी पिवळट हिरवं दिसणारं पाणी हळूहळू निळंशार झालं. मी खूश होऊन कोरं लुगडं बुडवायला घेतलं.

"आरं, आप्पा येस्तवर थांब की," आई म्हणाली.

"आई, तू बघच."

आप्पांच्या हातून कापड हिरवट निघायचं आणि वाऱ्यावर निळं व्हायचं. माझं रांजणातूनच निळं निघालं. पुन्हा पुन्हा बुडवून पार काळपट केलं. मग आईनं ते पाण्यात खळबळलं, आणि सगळी नीळ मोरीतून वाहून गेली. हातात उरलं राखेच्या रंगाचं फडकं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जंतू गूळ खाऊन जगायचे, आणि त्यांच्या त्या जगण्यानंच नीळ पाण्यात विरघळून सुतात शिरायची. आता ती नुसती धुळीसारखी तरंगत होती. घरचे कारागीरच मी मारून टाकले होते.

आप्पा परतले, रांजणाचा वास घेतला आणि तिथंच खाली बसले.

"फिनेल?"

"व्हय."

"आज्यापास्नं जिता हुता रं."

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा रांजण जिवंत करायला वेळ नव्हता, आणि लेकीचं लुगडं दुसऱ्याच्या रांजणात बुडवायला आप्पा तयार होईनात. तेच राखाडी लुगडं घेऊन मला अक्कलकोटला धाडलं.

शेवंतानं संक्रांतीला तेच नेसलं. तिच्या सासूबाईंनी पदर दोन बोटांत धरला.

"कुनी रंगवलं गं?"



"माज्या दादानं," शेवंता ताठ मानेनं म्हणाली. "लई शिकलाय त्यो. पुण्याला."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या.